गळती सप्टेंबरात शोधा, सिमेंटकाम दिवाळीत करा : सोलापूर भागातल्या शाळा-इमारतीची वर्षभराची निगा

मे महिन्याची सुट्टी लागली की शाळेच्या दुरुस्तीचा विषय निघतो. मुलं नाहीत, वर्ग मोकळे, मग हाच मुहूर्त असं सगळ्यांनाच वाटतं. सोलापूर जिल्ह्यात हा मुहूर्त निम्मा चुकतो. पारा ४२-४३ वर, बोअर आटलेले, गावाला टँकर. अशा वेळी स्लॅबवर केलेल्या सिमेंटकामाला पाणी मारायचं कुठून? भर दुपारी ओढलेला गिलावा संध्याकाळपर्यंत पांढरा पडतो आणि पाऊस यायच्या आत केसाएवढ्या चिरांनी भरून जातो. शिवाय गळती नेमकी कुठून आहे हे मे महिन्यात कोणालाच सांगता येत नाही. 'त्या कोपऱ्यात गळतं' एवढ्या माहितीवर मिस्त्री सगळा स्लॅब थापतो, बिल लावतो, आणि पुढच्या वर्षी पाणी त्याच कोपऱ्यात उतरतं.

इथला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून वेळापत्रक त्याच्या भोवती बसवायचं. सप्टेंबरात पाऊस चालू असताना गळती शोधून खुणा करायच्या. दिवाळीच्या सुट्टीत विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, तेव्हा स्लॅब आणि भिंतींचं सिमेंटकाम उरकायचं. मे महिना ठेवायचा ज्याला पाणी लागत नाही अशा कामांना : पत्रे, वायरिंग, टाक्या धुणं, कुलपं-दारं. मे महिन्यात सिमेंटकाम टळतच नसेल तर सकाळी दहाच्या आत थांबायचं, वर ओली गोणपाटं टाकायची आणि निदान सात दिवस ती ओली राहतील एवढ्या पाण्याची सोय आधी करायची.

छतावर चढा, पण वहीसकट

पहिली फेरी जूनमध्ये शाळा भरायच्या आधी, दुसरी सप्टेंबरात. सोबत झाडू, खुरपं, अर्धा किलोची हातोडी, टेप, ऑइलपेंटचा छोटा डबा आणि वही. दोन मोठी माणसं हवीत. मुलांना वर चढवायचं नाही, चेंडू काढायलासुद्धा नाही.

आधी पावसाळी पाईपची तोंडं बघा. त्यात बहुतेक कडुलिंबाच्या काड्या, पारव्याची पिसं, कागदी विमानं आणि एखादा फुटका प्लास्टिकचा चेंडू निघतो. एवढ्यानं काय होतं ते आकड्यात बघा. २० बाय २५ फुटांच्या वर्गाचं छत ५०० चौरस फुटांचं. कठड्याच्या आत चार इंच पाणी तुंबलं तर त्याचं वजन साडेचार टनांहून जास्त भरतं, म्हणजे एक भरलेला छोटा टेम्पो मुलांच्या डोक्यावर उभा. म्हणून एवढ्या छताला १०० मिलिमीटरचे दोन पाईप हवेत. एक गच्च झाला तर दुसरा चालतो. तोंडावर सपाट जाळी बसवू नका, एका पानानं ती बुजते. उलट्या वाटीसारखी उभी जाळी बसवा. पाईपचं खालचं टोक भिंतीच्या पायाशी सोडलेलं असेल तर ते आजच लांब न्या. कारण पुढे येईलच.

मग उतार. दोन बादल्या पाणी छताच्या वरच्या बाजूला ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. ज्या खळग्यात पाणी थांबतं त्याभोवती ऑइलपेंटनं गोल काढा. उतार शंभराला एक यापेक्षा कमी नको. कठडा आणि छत मिळतात तो कोपरा नीट तपासा, कारण निम्म्याहून अधिक गळती तिथूनच उतरते. तिथे सिमेंटचा गोलसर घोळ काढलेला असावा, काटकोन नको. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं उपटून समाधान मानू नका. मूळ आत राहतं आणि चार महिन्यांत पुन्हा डोकावतं. सांधा खरवडून मूळ पूर्ण काढायचं आणि मगच तो बुजवायचा.

पाऊस चालू असताना खाली वर्गात थांबून छताला जिथे पहिला ओलावा दिसतो तिथे खडूनं तारीख लिहा. पाणी आत शिरतं एका जागी आणि टपकतं भलत्याच जागी, त्यामुळे खालची खूण आणि वरचा गोल यांतलं अंतर भिंतीपासून मोजून वहीत नोंदवा. दिवाळीत मिस्त्रीच्या हातात हा नकाशा दिला की बिल निम्म्यावर येतं.

स्लॅबची खालची बाजू

जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. स्लॅब सहसा न सांगता पडत नाही; आधी महिनोन् महिने खपल्या पडत असतात आणि झाडणारी मावशी त्या गोळा करून टाकत असते. तिलाच विचारा कोणत्या वर्गात रोज वाळूचा कचरा पडतो.

काठीला हातोडी बांधून छताची खालची बाजू हात-दीड हात अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. मडकं वाजल्यासारखा भद्द आवाज आला तर तिथला थर आतल्या सळईपासून सुटला आहे. सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा सरळ चीर म्हणजे आत गंज चालू आहे. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. पंख्याचे हूकही याच फेरीत बघा. गंजून बारीक झालेल्या हुकाला पंखा ठेवायचा नाही, उन्हाळा असला तरी.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे खपली पडलेल्या जागी गिलावा मारून वर रंग देणं. गंज आतच राहतो, वर्षभरात नवा गिलावा जुन्याला घेऊन खाली येतो, आणि आता तो जाड असल्यानं जास्त लागतो. योग्य क्रम असा :

१. खालून टेकू लावा, वर्ग रिकामा करा.
२. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं काढा.
३. तारेच्या ब्रशनं सळई चकचकीत होईपर्यंत घासा.
४. जाडी मोजा. बारा मिलिमीटरची सळई साडेदहावर आली असेल तर काम तिथेच थांबवा आणि अभियंत्याला बोलवा. ते मिस्त्रीचं काम उरलेलं नाही.
५. सळई शाबूत असेल तर गंजरोधक झिंक प्रायमर, मग जुन्या काँक्रीटला बाँड कोट (नवा मसाला जुन्याला धरून ठेवणारा चिकट थर) आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला, थराथरानं.

आणि हे सगळं छतावरची गळती बंद केल्यावर. आधी खालचं केलं तर पैसे पाण्यात.

कोब्यावर कोबा नको

गळणाऱ्या छताला विटांच्या तुकड्यांचा कोबा हा इथला ठरलेला इलाज. चांगलाच आहे, पण जड आहे. सरासरी चार इंचांचा कोबा ५०० चौरस फुटांवर आठ-नऊ टन भरतो. जुन्या शाळांवर पहिला कोबा १५ वर्षांपूर्वीचा, त्यावर दुसरा, त्यावर कोणीतरी घातलेली शहाबादी फरशी. प्रत्येक वेळी ठेकेदार बदलला, स्लॅब तोच राहिला. नवा थर घालायचा तर जुना आधी काढलाच पाहिजे, ही अट कामाच्या आदेशात शब्दशः लिहून घ्या. काढताना मोठा घण किंवा ब्रेकर वापरू देऊ नका. छिन्नी-हातोडी वापरा, आणि मलबा छताच्या मधोमध साठू न देता रोजचा रोज खाली उतरवा.

कोब्यावर शेवटचा थर १:३ मसाल्यात (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू), वॉटरप्रूफिंग पावडर घालून, एक फुटाच्या चौकटी आखून. मग कडेनं मातीचे बांध घालून आठ-दहा दिवस पाणी तुंबवून ठेवा. तीच कामाची परीक्षा. या काळात खालचा वर्ग भरवायचा नाही. शेवटचं बिल पाणी तुंबवून झाल्यावरच.

स्लॅब अशक्त वाटत असेल तर कोबा सोडा. छत धुऊन, चिरा भरून, फायबरच्या कापडासह लवचिक कोटिंगचे दोन-तीन हात द्या. वजन नगण्य आणि पांढरा रंग घेतला तर उन्हाळ्यात खालचा वर्गही थोडा निवतो. चुन्याचा हातही हेच करतो, पण तो पहिल्या मोठ्या पावसात उतरतो. दर मार्चला पुन्हा मारायचा.

पत्रे

वळवाच्या पावसाआधीचं वारं पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतं. त्यामुळे पत्र्यांवर दगड, टायर, वाळूची पोती ठेवणं म्हणजे वाऱ्याच्या हातात गोफण देणं. पत्रा धरतात ते जे-हूक आणि स्क्रू. कडेच्या आणि वळचणीच्या ओळीत हूक दाट हवेत, कारण उचल तिथूनच सुरू होते. डांबरी किंवा रबरी वायसर उन्हानं कडक होऊन तडकलेला असतो. एप्रिलमध्ये सगळे वायसर बदला, खर्च किरकोळ आहे. हूक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. आणि आतून बघा : ज्या अँगलला पत्रे धरलेत ते अँगल भिंतीला बोल्टनं जखडलेत की नुसते विटांत टेकवलेत? टेकवलेले असतील तर पत्रा सुटणार नाही, अख्खं छप्परच उचलून जाईल.

काळं रान आणि भेगा

सोलापुरातल्या भिंतींच्या निम्म्या तक्रारी भिंतीच्या नसतात, जमिनीच्या असतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया या मातीतच थांबला असेल तर इमारत दर वर्षी थोडी वर-खाली होते. ओळखायची खूण सोपी आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मे महिन्यात रुंद आणि ऑक्टोबरात बारीक. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घाला, मधोमध रुंदी मोजा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा बघा. नुसती ऋतूप्रमाणे हलत असेल तर ती सिमेंटनं बुजवू नका. कडक मसाला पावसाळ्यात भिंत मिटताना चुरडतो. लवचिक सीलंट भरा. दर वर्षी वाढतच असेल, किंवा भेगेत पेन्सिल शिरत असेल, तर अभियंत्याला दाखवा.

इलाज मुख्यतः पाण्याचा आहे. पायाजवळच्या मातीतली ओल वर्षभर सारखी राहिली पाहिजे. इमारतीभोवती निदान तीन फूट रुंदीची फरसबंदी, बाहेर उतार देऊन, आणि भिंतीशी मिळणारा सांधा डांबरानं बंद. हात धुण्याचे नळ, टाकीचा ओव्हरफ्लो, कूलरचं पाणी, पावसाळी पाईप, काहीही भिंतीच्या मुळाशी सोडायचं नाही. परसबाग हवी तर ती कुंपणालगत. सुबाभूळ आणि नीलगिरी भिंतीपासून निदान झाडाच्या उंचीएवढ्या अंतरावर असावीत. मात्र जुनं मोठं झाड भिंतीजवळ असेल तर ते घाईनं तोडू नका. ते जे पाणी शोषत होतं ते आता मातीत राहतं, माती फुगते आणि नव्या भेगा पडतात. फांद्या टप्प्याटप्प्यानं कमी करा.

नवी खोली मंजूर झाली असेल तर खड्डा काळ्या मातीत थांबू देऊ नका. कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जा, काढलेली काळी माती भरावात परत टाकू नका आणि जोत्याच्या पातळीला सलग आरसीसी पट्टा घ्या. ठेकेदार 'भराव इथलाच वापरू' म्हणतो तेव्हा तो मुरमाच्या ट्रॉल्या वाचवत असतो. रॅम्पही याच वेळी आखून घ्या. उतार बाराला एक, म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांबी. पाच-सहा फुटांत बसवलेला रॅम्प फक्त अहवालात चालतो. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही.

दगडी खोल्या

मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या आणि माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) जुन्या खोल्या अजून अनेक गावांत वापरात आहेत, कुठे वर्ग म्हणून, कुठे तांदळाचं कोठार म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती पडल्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड वेगवेगळे उभे, त्यांना बांधणारे आरपार जोडदगड नाहीत. हादरा बसला की दोन्ही बाजू सुटून फुगतात आणि वरची माती खाली येते. ओळंबा सोडून बघा. भिंतीला पोट आलं असेल तर ती खोली आजपासून बंद. जोडदगड उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत चार फुटांच्या आत असायला हवेत.

धोकादायक खोलीला नुसतं कुलूप लावून जबाबदारी संपत नाही. मुलं तिच्या सावलीत डबा खातात. भिंतीच्या उंचीएवढं अंतर सोडून कुंपण घाला आणि निर्लेखनाचा, म्हणजे खोली सरकारी नोंदीतून रद्द करण्याचा, प्रस्ताव पाठवा : शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, तारखेसह फोटो, बांधकामाचं साल, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत बांधकाम उपविभागाची पाहणी आणि पुढे जिल्हा परिषद. निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय ती खोली पाडताही येत नाही, म्हणून हा कागद आधी हलवा.

पाणी आणि स्वच्छतागृह

राष्ट्रीय बांधकाम संहितेचा हिशेब शाळेला माणशी रोज ४५ लिटरचा. दीडशे मुलांना पावणेसात हजार लिटर. चार-पाच दिवसांआडचं पाणी सोलापूरकरांना नवं नाही, तेव्हा पिण्याची-स्वयंपाकाची टाकी आणि वापराची टाकी वेगळीच ठेवा. टंचाईत कपात वापराच्या टाकीतून करता येते. टाकी जून, दिवाळी आणि फेब्रुवारीत धुवा. घासून झाल्यावर हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी सोडून द्या, पुन्हा धुवा. रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे पाच ग्रॅमच्या आसपास; बादलीत विरघळवून वरची निवळी ओता, अर्ध्या तासानं ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी) घ्या. पिवळा रंग नाही आला तर पावडर मेलेली आहे. उघड्या पोत्यातली पावडर उन्हाळ्यात फार लवकर मरते.

स्वच्छतागृह ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या, मुली-मुलांचं वेगळं. कडी आतून लहान मुलाच्या हाताला येईल इतकी खाली हवी. सेप्टिक टँकच्या झाकणावर उभं राहून खेळणं ही कायमची सवय असते. तडकलेलं झाकण दिसलं त्याच दिवशी बदला.

वीज, स्वयंपाकघर, आग

मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, असलाच पाहिजे. त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. खटका पडला नाही तर तो नसल्यात जमा. अर्थिंगकडे उन्हाळ्यात लक्ष हवं. काळी माती सुकून अर्थिंगच्या पाईपपासून सुटते आणि जोड कागदावरच उरतो. मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओता आणि वर्षातून एकदा रोध मोजून घ्या, पाच ओहमच्या आत. संगणक वर्गाची वायर दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटर लाइनवरून ओढलेली असते. तिला मुख्य बोर्डापासून वेगळी जाड लाइन द्या. नदीकाठच्या शाळांनी बोर्ड उंच घ्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी माढा-मोहोळ भागात घराघरांत शिरलं होतं. पूर ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही.

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागून ९४ मुलं दगावली. खिचडी शेडलगत उन्हासाठी बांधलेली हिरवी शेडनेट तेच काम करते, ती काढा. सिलिंडर बाहेर, हवेशीर जाळीच्या पेटीत. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला, आणि जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे तपासा. एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा, चुलीजवळ नको. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे ना बघून ते उलटसुलट करा, पावडर तळाला गठ्ठा होते.

कुलपं, कॅमेरे आणि पैसा

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेला. यातून वायसर, कुलपं, ब्लीचिंग, नळ, आरसीसीबी होतात. स्लॅब होत नाही. स्लॅबचं अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाकडून ऑगस्टमध्येच करून घ्या आणि सप्टेंबरची खुणांची वही त्याला जोडा. निधी जिल्हा नियोजन समितीचा असो की ग्रामपंचायतीचा, मागणाऱ्यांच्या रांगेत कागद तयार असलेली शाळा पुढे जाते. मार्चअखेरच्या घाईतला खर्च मात्र हटकून रंगावर जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानं शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांबाबत निर्णय काढला. कॅमेरे चार पुरतात : फाटक, व्हरांडा, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघर, आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट. शेवटचा फक्त वाटेवर. आतलं काहीही दिसता कामा नये. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण दिवसाला २० जीबी साठवण खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क १२ दिवसही पुरत नाही. महिनाभराचं चित्रण हवं तर तीन-चार टीबी घ्या. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) ऑफिसच्या टेबलावर नको, कुलूपबंद पेटीत यूपीएसवर ठेवा. दर सोमवारी मागचं चित्रण प्रत्यक्ष उघडून बघा आणि घड्याळ जुळवा. चुकीची वेळ दाखवणारं चित्रण गरजेला कोणी मानत नाही. तक्रारपेटी मुलांना दिसेल पण ऑफिसच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी, किल्ली एकट्याकडे नको. तिच्यावर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत.

किल्ल्यांची नोंदवही ठेवा : कोणत्या कुलपाच्या किती किल्ल्या, कोणाकडे. बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे एक, शेजारच्या दुकानात एक, माजी अध्यक्षांकडे एक, अशी नोंद निघाली तर कुलूपच बदला. सुट्टीत आवारात पत्त्यांचे डाव बसतात ते बहुतेक इमारतीमागच्या अंधाऱ्या, आडोशाच्या पट्ट्यात. तिथलं वेडं गवत काढून एक एलईडी दिवा लावा, अंधार पडल्यावर आपोआप लागणारा. त्याचा स्विच बाहेर ठेवू नका, पहिल्याच रात्री कोणीतरी बंद करतं.